एका रिपोर्टावर तीन विषाणू: श्वसनमार्गाच्या संसर्गात रक्तातील प्रतिपिंड तपासून निदान होते का?

रक्तद्रव (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात एका स्नेह्यांनी मला त्यांचा रिपोर्ट पाठवला. चार दिवसांचा ताप, कोरडा खोकला, अंग मोडून आलेले, आणि रक्ताच्या तपासणीत श्वसनमार्गाच्या नऊ जंतूंविरुद्धच्या आयजीएम (संसर्गानंतर आधी येणारी मानली जाणारी जात) प्रतिपिंडांची यादी. त्या नवांपैकी इन्फ्लुएंझा ए, अ‍ॅडिनो आणि पॅराइन्फ्लुएंझा या तीन विषाणूंपुढे 'पॉझिटिव्ह' असे ठळक अक्षरांत छापलेले होते. स्नेह्यांचा प्रश्न अगदी सरळ होता: 'मला एकाच वेळी तीन आजार झाले आहेत का?' विषाणूशास्त्राच्या प्रयोगशाळेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला असा प्रश्न विचारला की उत्तर लांबते, म्हणून ते येथे लिहितो आहे.

प्रतिपिंड हा विषाणूचा पुरावा नसून शरीराने विषाणूला दिलेल्या उत्तराचा पुरावा असतो, आणि उत्तर प्रश्नानंतरच येते. इन्फ्लुएंझाचा विषाणू लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून नाकाघशातून बाहेर पडू लागतो, पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याचे प्रमाण सर्वाधिक असते आणि प्रौढांमध्ये पाच ते सात दिवसांत ते बहुधा संपते. रक्तातील प्रतिपिंड मात्र मोजता येण्याइतके वाढायला पहिला आठवडा उलटावा लागतो, आणि आयजीजी या जास्त काळ टिकणाऱ्या जातीची खरी चढण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसते. म्हणजे रोगी डॉक्टरांपुढे बसलेला असतो तेव्हा घशात विषाणू भरपूर असतो आणि रक्तात त्याविरुद्धचे नवे प्रतिपिंड जवळजवळ नसतात; प्रतिपिंड भरपूर होतात तेव्हा रोगी कामावर रुजू झालेला असतो.

यावर कोणी म्हणेल की स्नेह्यांच्या रक्तात चौथ्याच दिवशी प्रतिपिंड सापडले, त्याचे काय? खरी मेख तेथेच आहे. श्वसनमार्गाचे बहुतेक विषाणू आपल्याला आयुष्यात एकदाच भेटत नाहीत. प्रौढ माणसाच्या रक्तात इन्फ्लुएंझा, आरएसव्ही (तान्ह्या मुलांना धाप लावणारा विषाणू), पॅराइन्फ्लुएंझा, अ‍ॅडिनो आणि सर्दीचे कोरोनाविषाणू या सर्वांविरुद्धचे आयजीजी बालपणापासून साठत आलेले असते. त्यामुळे एकाच नमुन्यात आयजीजी सापडणे म्हणजे 'हा माणूस या जगात काही वर्षे राहिलेला आहे' यापलीकडे फारसे काही नाही. आयजीएम हे 'नव्या' संसर्गाचे चिन्ह मानण्याची पद्धत आहे, पण जुन्या ओळखीचा विषाणू परत आला की शरीर पुष्कळदा थेट जुन्या स्मृतीवरून आयजीजी बनवते आणि आयजीएम थोडेच येते किंवा येतच नाही. उलट काही माणसांत ते महिनोन्महिने रेंगाळते. कोविडमध्ये तर आयजीएम आणि आयजीजी जवळजवळ एकाच सुमारास, दुसऱ्या आठवड्याच्या आसपास वर येताना दिसले. आधी आयजीएम आणि मग आयजीजी हा पाठ्यपुस्तकातला क्रम तेथे भरवशाचा राहिला नाही.

मग प्रतिपिंडांवरून निदान करण्याची शास्त्रशुद्ध रीत कोणती? जोडनमुने. पहिला नमुना आजाराच्या पहिल्या आठवड्यात, शक्य तितक्या लवकर घ्यायचा; दुसरा त्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी. दोन्ही एकाच दिवशी, एकाच माणसाने, एकाच पद्धतीने तपासायचे आणि दुसऱ्यात टायटर (नमुना किती पातळ करूनही प्रतिपिंड सापडतात तो आकडा) चौपट किंवा अधिक वाढले असेल तरच अलीकडचा संसर्ग मानायचा. दुप्पट का नाही, चौपटच का, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. रक्तद्रव, म्हणजे पेशी काढून उरलेला रक्ताचा द्रव, दर पायरीला निम्मे पातळ करत १:१०, १:२०, १:४० असे उतरायचे असते, आणि एका पायरीचा फरक हा मोजण्यातील हातच्या चुकीचा असू शकतो. दोन पायऱ्यांचा फरक म्हणजे चौपट. तोच विश्वासाचा किमान उंबरठा.

ही रीत अचूक आहे, पण तिचे उत्तर तीन-चार आठवड्यांनी मिळते, आणि इन्फ्लुएंझाचे औषध मात्र पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. याच कारणाने अमेरिकेतील सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने संशोधन आणि सार्वजनिक आरोग्याच्या तपासांखेरीज नेहमीच्या रुग्णांत इन्फ्लुएंझाच्या निदानासाठी प्रतिपिंड चाचणीची शिफारस केलेली नाही.

स्नेह्यांना मी दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली, प्रयोगशाळेला फोन करून उरलेले रक्तद्रव फेकू नका, गोठवून ठेवा असे कळवावे. दुसरी, तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यावे. निकाल आला की येथे कळवीन.

शंकासुर

लेख आवडला, तरीही एक आक्षेप नोंदवतो. एचआयव्हीचे निदान कित्येक वर्षे प्रतिपिंड चाचणीवरच चालत आले. हिपॅटायटिस ए असेल तर आयजीएम पाहतात, गोवराला आयजीएम पाहतात, रुबेलाला पाहतात. मग हीच चाचणी फ्लूच्या बाबतीत एकाएकी निरुपयोगी कशी ठरते? चाचणी वाईट आहे, की ती वापरणारे?

रक्तद्रव

आक्षेप रास्त आहे. चाचणी तीच आहे. विषाणूंचे स्वभाव वेगळे आहेत.

एचआयव्ही एकदा शरीरात शिरला की जात नाही. त्यामुळे तेथे 'प्रतिपिंड आहे' याचा अर्थ 'विषाणू आहे' असाच होतो. अपवाद म्हणजे आईकडून आयते प्रतिपिंड मिळालेले तान्हे मूल. फ्लूचा विषाणू आठवड्यात निघून जातो आणि प्रतिपिंड मागे राहतात. पाहुणा गेल्यावर उंबऱ्यावरच्या चपलांच्या ठशांवरून तो घरात आहे की नाही हे ठरवता येत नाही, तसे हे आहे.

गोवराचे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण गोवरही हवेतून, श्वसनमार्गानेच पसरतो. पण त्याचा सीरोटाइप (प्रतिपिंडांच्या दृष्टीने प्रकार) एकच, आणि लस न घेतलेल्या माणसाला तो बहुधा आयुष्यात एकदाच होतो. तेथे आयजीएम म्हणजे खरोखरच पहिली भेट. शिवाय पुरळ उठते तेव्हा संसर्ग होऊन जवळपास दोन आठवडे झालेले असतात, म्हणजे प्रतिपिंड तयार व्हायला सवड मिळालेली असते. एवढे असूनही पुरळ उठल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत घेतलेल्या नमुन्यांपैकी पाव हिस्सा खोटे निगेटिव्ह येऊ शकतात. जेथे सर्व काही अनुकूल आहे तेथेही एवढी चूक संभवते, तर फ्लूचा अंगात मुरण्याचा काळच एक ते चार दिवसांचा. प्रतिपिंडांना तयारीला वेळच मिळत नाही.

ऱ्हायनोविषाणूंबद्दल तर बोलायलाच नको. त्यांचे १६० पेक्षा अधिक प्रकार आहेत. कोणत्या प्रकाराविरुद्धचे प्रतिपिंड शोधायचे हे ठरवेपर्यंत सर्दी बरी होते.

फुप्फुसवैद्य

मी रुग्णालयात छातीच्या आजारांचे रुग्ण पाहतो. रक्तद्रव यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, पण चिकित्सकाच्या बाजूने थोडी भर घालतो.

२०२० साली मला सर्वाधिक मनस्ताप पॉझिटिव्ह रिपोर्टांनी दिला नाही, निगेटिव्ह रिपोर्टांनी दिला. ताप येऊन तीन दिवस झालेला माणूस बोटाच्या रक्तावरची कॅसेट चाचणी करून यायचा, एक रेघ दाखवायचा आणि 'मला कोविड नाही' असे सांगून मास्क खाली ओढायचा. जून २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेने तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या आठवड्यात आयजीजी-आयजीएम चाचण्यांनी जेमतेम ३०.१ टक्के रुग्ण पकडले होते. दुसऱ्या आठवड्यात ७२.२ टक्के आणि तिसऱ्यात ९१.४ टक्के. पहिल्या आठवड्यातल्या आकड्याचा अर्थ असा की दहा खऱ्या रुग्णांपैकी सात जणांना ती चाचणी 'तुम्ही ठीक आहात' असे सांगून घरी पाठवते. जागतिक आरोग्य संघटनेने तर ८ एप्रिल २०२० रोजीच सांगितले होते की अशा झटपट प्रतिपिंड चाचण्या संशोधनाबाहेर, रुग्णाच्या उपचाराचा निर्णय घेण्यासाठी वापरू नयेत.

गोंधळाचे एक कारण अगदी क्षुल्लक होते. नाकातील स्वॅबवरची अँटिजेन चाचणी आणि रक्तावरची अँटिबॉडी चाचणी या दोघींच्या प्लास्टिकच्या कॅसेटी सारख्याच दिसतात, रेघाही सारख्याच उमटतात आणि नावेही कानाला सारखीच लागतात. एक विषाणूचा तुकडा शोधते, दुसरी शरीराचे उत्तर. रुग्णाने 'रॅपिड टेस्ट केली' असे म्हटले की मी आधी एकच विचारतो: नाकात काडी घातली होती, की बोटाला सुई टोचली होती?

आता दुसरी बाजू. काही वेळा प्रतिपिंड चाचणीवाचून माझे पान हलत नाही. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधील बालरोगतज्ज्ञांच्या लक्षात आले की काही मुले तीव्र ताप, पुरळ, पोटदुखी आणि हृदयाची सूज घेऊन येत आहेत. हा आजार कोविडच्या संसर्गानंतर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी होतो. तोपर्यंत नाकातील विषाणू गेलेला असल्याने पीसीआर पुष्कळदा निगेटिव्ह येते, आणि संसर्ग होऊन गेल्याचा दाखला रक्तच देते. म्हणून त्या आजाराच्या व्याख्येतच प्रतिपिंड चाचणीला स्थान मिळाले.

दुसरा अपवाद हंटा विषाणूचा. १९९३ साली अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, चार राज्यांच्या सीमा मिळतात त्या प्रदेशात, धडधाकट तरुण माणसे काही दिवसांच्या तापानंतर फुप्फुसात पाणी भरून दगावू लागली. कारण कळेना. रुग्णांचे रक्तद्रव आधी माहीत असलेल्या हंटा विषाणूंच्या प्रतिजनांशी (प्रतिपिंड ज्यांना चिकटतात त्या विषाणूच्या भागांशी) जुळते, हे सीडीसीच्या प्रयोगशाळेत दिसले आणि त्या धाग्यावरून नवा विषाणू सापडला. त्याला पुढे सिन नोम्ब्रे असे नाव पडले. या आजारात फुप्फुसे भरू लागतात तोवर रक्तात आयजीएम आलेलेच असते, कारण अंगात मुरण्याचा काळ काही आठवड्यांचा असतो. तेव्हा शंकासुर यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की चाचणी मागण्याआधी लक्षणे आणि प्रतिपिंड यांच्यात पुढे कोण धावते हे पाहावे.

गणिती

वैद्यक मला कळत नाही, पण नऊ चाचण्यांच्या यादीवर थोडे गणित करता येते. समजा प्रत्येक चाचणीची विशिष्टता ९५ टक्के आहे, म्हणजे संसर्ग नसलेल्या शंभरांपैकी पाच जणांना ती चुकून पॉझिटिव्ह म्हणते. एका चाचणीसाठी हा आकडा वाईट नाही. पण नऊ चाचण्या एकदम केल्या, तर त्या नऊंही बरोबर निगेटिव्ह येण्याची शक्यता ०.९५ चा नववा घात, म्हणजे सुमारे ६३ टक्के. याचाच अर्थ पूर्णपणे संसर्गमुक्त माणसाच्या रिपोर्टावरही किमान एक खोटे पॉझिटिव्ह येण्याची शक्यता ३७ टक्के आहे.

आणि चाचणी एकच असली तरी आजार विरळ असेल तर काय होते ते पाहा. दोन हजार माणसांपैकी १०० जणांना संसर्ग आहे. चाचणी त्यांतील ९० टक्के पकडते, म्हणजे ९० जण. उरलेल्या १९०० निरोगी माणसांपैकी पाच टक्के, म्हणजे ९५ जण, खोटे पॉझिटिव्ह. एकूण १८५ पॉझिटिव्ह रिपोर्टांपैकी निम्म्याहून अधिक चुकीचे! चाचणीच्या खोक्यावर छापलेले ९० आणि ९५ हे आकडे खरेच आहेत, तरीही.

रक्तद्रव

गणिती, हिशेब बरोबर आहे, पण ०.९५ चा नववा घात घेताना तुम्ही नऊ चाचण्यांच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र मानल्या आहेत. प्रत्यक्षात त्या तशा नसतात आणि प्रयोगशाळेत नेमकी हीच गोष्ट त्रास देते. काही माणसांच्या रक्तात, विशेषतः सांध्यांच्या आजारात, ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर असतो. तो स्वतः बहुधा आयजीएम जातीचा प्रतिपिंड असून दुसऱ्या आयजीजीला चिकटतो. रक्तात जुन्या फ्लूविरुद्धचे आयजीजी असतेच. ते चाचणीतल्या प्रतिजनावर बसले की हा फॅक्टर त्याच्या पाठीवर बसतो आणि चाचणीला वाटते की फ्लूविरुद्धचे आयजीएम सापडले. तोच माणूस, तेच रक्त, तीच फसवणूक अ‍ॅडिनोच्या खान्यातही होते आणि पॅराइन्फ्लुएंझाच्याही. एप्स्टाइन-बार विषाणूच्या संसर्गात प्रतिपिंड बनवणाऱ्या बी पेशी सरसकट चेकाळतात, तेव्हाही भलत्याच खान्यांत आयजीएम उमटते. त्यामुळे खोटे पॉझिटिव्ह एकटे-दुकटे येण्यापेक्षा घोळक्याने येतात. एकाच रिपोर्टावर तीन-चार विषाणू दिसले की मला आधी रोग्याचा नव्हे, चाचणीचाच संशय येतो.

जुना तंत्रज्ञ

टायटरचा विषय निघाला म्हणून राहवले नाही. मी तीस वर्षे रक्तपेशी-समूहन-अवरोध चाचणी, म्हणजे ज्याला आम्ही नुसते 'एचआय' म्हणत असू, ती हाताने लावली आहे. ती कशी चालते हे ठाऊक असले की चौपटीचा नियम डोक्यात पक्का बसतो.

१९४१ साली जॉर्ज हर्स्ट यांच्या लक्षात आले की इन्फ्लुएंझाचा विषाणू कोंबडीच्या तांबड्या पेशींना एकमेकींना चिकटवतो. विषाणू असेल तर पेशींची जाळी होऊन खाचेत पसरते. नसेल तर पेशी खाली घरंगळून तळाशी लालचुटुक टिकली जमते. आता विषाणूत आधी रोग्याचे रक्तद्रव मिसळले आणि त्यात प्रतिपिंड असले, तर विषाणूचे हात बांधले जातात आणि पुन्हा टिकली दिसते. रक्तद्रव निम्मे-निम्मे पातळ करत गेल्यावर ज्या शेवटच्या खाचेपर्यंत टिकली टिकते, तो टायटर.

ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात माणसाच्या रक्तद्रवात विषाणूला अडवणारी, पण प्रतिपिंड नसलेली द्रव्ये असतात आणि ती नष्ट न केल्यास कोणाचाही टायटर भरमसाठ येतो. त्यासाठी पटकीच्या जंतूपासून मिळवलेले एक विकर रक्तद्रवात घालून रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचे आणि सकाळी ५६ अंशांवर अर्धा तास तापवून ते विकर निकामी करायचे. विषाणूचे बळ चार एककांवर आणून ठेवायचे, आणि ते खरोखर चारच आहे ना हे त्याच दिवशी उलट मोजून पाहायचे. पेशी ताज्या हव्यात, पातळीला अचूक हव्यात. टर्कीच्या किंवा कोंबडीच्या पेशी असतील तर प्लेट तिरपी धरून टिकली अश्रूसारखी ओघळते का हे पाहायचे. ओघळली तरच ती खरी टिकली. एकाच रक्तद्रवाचा टायटर सोमवारी ४० आणि गुरुवारी ८० आला तर आमच्याकडे कोणी भुवई उंचावत नसे. म्हणूनच पहिला नमुना एका महिन्यात आणि दुसरा दुसऱ्या महिन्यात तपासून त्यांची तुलना करणे हा आमच्या वरिष्ठांच्या लेखी अक्षम्य गुन्हा होता. दोन्ही नमुने शेजारशेजारच्या ओळींत, एकाच प्लेटवर लावायचे.

त्या वेळी आम्हाला १:४० चा टायटर दिसला की 'साधारण निम्मे संरक्षण' असे म्हणायची सवय होती. ही सवय लसींच्या अभ्यासांतून आली. तो आकडा गटासाठी आहे, एकट्या माणसाचे भविष्य सांगण्यासाठी नाही, आणि निदानासाठी तर मुळीच नाही.

सहा महिन्यांची आई

माझ्या बाळाला दोन महिन्यांचे असताना खोकला आणि धाप लागून दाखल केले होते. आरएसव्हीचे आयजीजी पॉझिटिव्ह आले, म्हणून निदान झाले असे मला वाटले. नंतर डॉक्टरांनी नाकाचा स्वॅब मागितला तेव्हा मला तो उगाचचा त्रास वाटला होता. हा धागा वाचून शंका येते आहे. ते आयजीजी कोणाचे होते?

फुप्फुसवैद्य

ताई, ते बहुतेक तुमचे होते. आयजीजी वारेतून गर्भाकडे जाते आणि जन्मानंतर काही महिने बाळाच्या रक्तात हळूहळू कमी होत राहते. त्याचे अर्धे प्रमाण साधारण तीन आठवड्यांत उतरते. जवळजवळ प्रत्येक प्रौढाला आरएसव्ही होऊन गेलेला असल्याने जवळजवळ प्रत्येक नवजात बाळ आरएसव्हीविरुद्धच्या आयजीजीसह जन्माला येते. आयजीएम वार ओलांडत नाही, पण एवढ्या लहान बाळाचे स्वतःचे उत्तर तोकडे असते आणि आईचे प्रतिपिंड ते आणखी दाबतात. परिणामी ज्या वयात आरएसव्ही सर्वाधिक धोक्याचा, त्याच वयात प्रतिपिंड चाचणी सर्वाधिक फसवी. तुमच्या डॉक्टरांनी स्वॅब मागितला ते योग्यच केले.

हीच गोष्ट उसन्या प्रतिपिंडांच्या प्रत्येक प्रसंगी लक्षात ठेवावी. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलेल्या रुग्णाच्या रक्तात हजारो दात्यांचे प्रतिपिंड फिरत असतात. उलट बी पेशी नष्ट करणारे रिटक्सिमॅबसारखे औषध चालू असलेल्या रुग्णाला खरा संसर्ग होऊनही प्रतिपिंड बनवता येत नाहीत.

शंकासुर

आणखी एक प्रश्न, मग थांबतो. लस घेतलेल्या माणसात संसर्ग झाला होता की नाही हे रक्तावरून सांगता येते का? आणि लस 'लागली' का हे पाहायला लोक चाचण्या करून घेतात, ते कितपत बरोबर?

रक्तद्रव

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लस कोणती यावर अवलंबून आहे. कोविडच्या एमआरएनए आणि अ‍ॅडिनोवाहक लसींमध्ये विषाणूच्या केवळ काटेरी प्रथिनाची माहिती असते, त्यामुळे त्या लसींनंतर काट्याविरुद्धचे प्रतिपिंड येतात, न्यूक्लिओकॅप्सिड या आतल्या प्रथिनाविरुद्धचे येत नाहीत. अशा माणसात न्यूक्लिओकॅप्सिडविरुद्धचे प्रतिपिंड सापडले तर ते संसर्गाकडे बोट दाखवतात. पण निष्क्रिय केलेला अख्खा विषाणू टोचणाऱ्या लसींनंतर दोन्ही येऊ शकतात, आणि तेथे हा फरक कोलमडतो. शिवाय लसवंताला सौम्य संसर्ग झाला तर न्यूक्लिओकॅप्सिडविरुद्धचे प्रतिपिंड न येणेही शक्य आहे. लसीचे नाव आणि तारीख लिहिल्याशिवाय आलेला नमुना मी परत पाठवत असे. त्यावरून लोक रागावत.

दुसऱ्या प्रश्नाबाबत अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने १९ मे २०२१ रोजी स्पष्ट म्हटले होते की लसीनंतर संरक्षण किती मिळाले हे ठरवण्यासाठी त्या वेळच्या प्रतिपिंड चाचण्या वापरू नयेत. एका कंपनीचे २०० आणि दुसऱ्या कंपनीचे २०० हे एकच नसतात, आणि स्मृतिपेशी व टी पेशी या चाचणीत दिसतच नाहीत.

साथविद्यार्थिनी

या धाग्यावर प्रतिपिंड चाचणीची बरीच खरडपट्टी झाली, म्हणून साथरोगशास्त्राच्या बाजूने बोलते. एका रोग्याबाबत जो दोष, तोच समूहाबाबत गुण ठरतो. विषाणू निघून गेल्यावरही खूण राहते, म्हणूनच तर भूतकाळ वाचता येतो.

१९१८ च्या साथीत इन्फ्लुएंझाचा विषाणू कोणी पाहिलाच नव्हता. माणसातील विषाणू लंडनमध्ये १९३३ साली वेगळा झाला. पण त्यानंतर थोड्याच वर्षांत रिचर्ड शोप यांनी वेगवेगळ्या वयाच्या माणसांचे रक्तद्रव डुकरांच्या इन्फ्लुएंझा विषाणूविरुद्ध तपासले. प्रौढांच्या रक्तात त्याला निकामी करणारे प्रतिपिंड होते, बारा वर्षांखालील मुलांत ते आढळले नाहीत. १९१८ चा विषाणू डुकरांतील विषाणूचा नातलग असावा हा तर्क त्यावरून बळावला, आणि तोही मूळ विषाणूचा कणसुद्धा हाती नसताना.

मे २००९ मध्ये नव्या एच१एन१ विषाणूबाबत सीडीसीने साठवलेल्या नमुन्यांवर असेच काम केले. साठीपुढच्या ३३ टक्के लोकांत त्या विषाणूशी जुळणारे प्रतिपिंड आधीच होते, १८ ते ६४ वयोगटात ६ ते ९ टक्के, आणि मुलांत नव्हते. त्या साथीत तरुण अधिक आणि वृद्ध कमी आजारी का पडत होते, याचे मोठे कारण त्या तक्त्यात होते.

फेब्रुवारी २०२० मध्ये सिंगापूरमध्ये दोन चर्चशी निगडित रुग्णांचे दोन समूह होते आणि त्यांना जोडणारा दुवा सापडत नव्हता. आजारातून बरे झालेल्या एका दांपत्याचे रक्त ड्यूक-एनयूएस संस्थेत तपासले तेव्हा त्यांना संसर्ग होऊन गेल्याचे निघाले आणि साखळी पूर्ण झाली. या तपासात त्या दोघांवर कोणता उपचार करावा हा प्रश्नच नव्हता. विषाणू कोणाकडून कोणाकडे गेला हे हवे होते.

जुना तंत्रज्ञ

शोप यांचे उदाहरण काढलेत, बरे वाटले. एकच पुस्ती जोडतो. प्रतिपिंडांची स्मृती प्रामाणिक असते, पण पक्षपाती असते. थॉमस फ्रान्सिस यांनी १९६० साली 'मूळ प्रतिजनाचे पाप' या नावाने जे मांडले ते हेच: नवा फ्लू झाला तरी शरीर लहानपणी भेटलेल्या पहिल्या फ्लूविरुद्धचे प्रतिपिंड मोठ्या उत्साहाने बनवते. आम्ही कधी कधी पाहत असू की यंदाच्या विषाणूने आजारी पडलेल्या वृद्धात टायटरची सर्वांत मोठी झेप त्याच्या बालपणीच्या विषाणूविरुद्ध दिसे. पॅराइन्फ्लुएंझाच्या प्रकारांत आणि गालगुंडाच्या विषाणूतही अशी सरमिसळ होते. तेव्हा जोडनमुन्यातील चौपट वाढ 'अलीकडे काहीतरी झाले' हे नक्की सांगते. 'नेमके कोण' हे सांगताना मात्र नातलगांची नावे विचारून मगच सांगावे.

रक्तद्रव

स्नेह्यांचा निकाल कळवण्याचे कबूल केले होते. प्रयोगशाळेने, नशीब, पहिले रक्तद्रव उणे २० अंशांवर ठेवले होते. बावीस दिवसांनी दुसरा नमुना घेतला आणि दोन्ही नमुने एका ओळखीच्या संशोधन प्रयोगशाळेत शेजारशेजारी लावून घेतले. 'इन्फ्लुएंझा ए'च्या दोन्ही चालू उपप्रकारांविरुद्ध टायटर पहिल्यांदा ४० होता, दुसऱ्यांदाही ४०. अ‍ॅडिनो आणि पॅराइन्फ्लुएंझाच्या आयजीजीतही दोन्ही नमुन्यांत दखल घेण्याजोगा फरक नाही. मग पहिल्याच नमुन्यातील आयजीजी शोषक द्रव्याने काढून घेऊन आयजीएम पुन्हा तपासले, तेव्हा तिन्ही खाने निगेटिव्ह आले. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर मात्र चांगलाच पॉझिटिव्ह निघाला. मूळ चाचणीत शोषकाची पायरी गाळली गेली होती की शोषक अपुरे पडले, हे आता सांगता येणार नाही.

स्नेह्यांच्या दोन्ही हातांची बोटे गेले वर्षभर सकाळी आखडतात, हे त्यांनी मला तेव्हा प्रथमच सांगितले. ते आता सांध्यांच्या डॉक्टरांकडे जाणार आहेत. तो चार दिवसांचा ताप कोणत्या विषाणूचा होता हे कळण्याची वेळ निघून गेली. त्या आठवड्यात नाकातून स्वॅब कोणी घेतलाच नव्हता.